जीवनसत्त्वं आणि खनिजांचा हिशेब: आहाराची नोंद ठेवायची तर अशी ठेवा

आहार नोंदवायचं ॲप मोबाइलवर घेतलं की पहिले दोन-तीन दिवस माणूस अगदी मन लावून लिहितो. रात्री अहवाल उघडतो तर निम्म्या पट्ट्या लाल. आयोडीन शून्य, सेलेनियम नावापुरतं, व्हिटॅमिन डीचा पत्ताच नाही. मग कुणी घाबरून मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणतो, तर कुणी 'हे आपलं काम नव्हे' म्हणून ॲपच उडवून टाकतो. त्या लाल पट्ट्यांपैकी बऱ्याच खोट्या असतात हे मात्र कुणी सांगत नाही. ज्या खऱ्या असतात त्यांच्यासाठीही रोज घास-घास मोजत बसायची गरज नसते.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. चार-पाच घटक निवडा, आठवडाभर नीट लिहा, सरासरी काढा, आहारात एखादा बदल करा आणि वही बाजूला ठेवा. सहा महिने अर्धवट लिहिण्यापेक्षा सात दिवस चोख लिहिलेलं केव्हाही कामाचं.

आधी ठरवा, मोजायचं काय

शरीराला लागणारी जीवनसत्त्वं तेरा आणि खनिजं साधारण पंधरा. एवढे सगळे रकाने घेऊन बसलात तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येणार. शिवाय त्यातले बरेच घटक नेहमीच्या मिश्र आहारातून आपसूक मिळतात. फॉस्फरस, क्लोराइड, बायोटिन, पँटोथेनिक ॲसिड यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. आपल्या बाबतीत कशाची कमतरता पडण्याची शक्यता आहे ते बघून यादी करायची.

शाकाहारी असाल तर बी-१२, लोह आणि जस्त. दूध-अंडीही घेत नसाल तर त्यात कॅल्शियम आणि आयोडीनची भर घाला. बी-१२च्या बाबतीत वनस्पतींच्या भरवशावर राहूच नका. हे जीवनसत्त्व प्राणिजन्य पदार्थांत असतं किंवा वरून मिसळलेल्या पदार्थांत आणि गोळ्यांत. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांनी लोहावर लक्ष ठेवावं. गर्भधारणेचा विचार असेल तर फोलेट, लोह आणि आयोडीन. पन्नाशी उलटली की कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि पुन्हा बी-१२, कारण वयाबरोबर पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सुटं होऊन शोषलं जाणं अवघड होतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्यांनीही बी-१२चा रकाना ठेवावाच. सोडियम आणि पोटॅशियम मात्र कुणीही मोजावं. त्यातलं पहिलं बहुतेकांना जास्त होतं आणि दुसरं कमी पडतं.

पाच रकाने पुरे. फार तर सहा.

लक्ष्याचा आकडा आणि त्याचा खरा अर्थ

ॲप तुमच्यासमोर 'रोजची गरज' म्हणून एक आकडा ठेवतं आणि आपण तो परीक्षेतल्या पासिंगच्या गुणांसारखा धरतो. गफलत इथेच होते. तो आकडा नेमका तुमची गरज सांगत नाही. गरज माणसागणिक वेगळी असते, म्हणून तज्ज्ञ आधी अशी मात्रा काढतात की जिच्यात निम्म्या निरोगी लोकांची गरज भागेल. ही झाली सरासरी गरज. मग तिच्यात भर घालून ९७ ते ९८ टक्के लोकांना पुरेल असा आकडा ठरवतात. ती शिफारस, म्हणजेच आरडीए. ॲपमध्ये दिसतो तो बहुधा हाच वरचा आकडा.

लोहाचं उदाहरण घ्या. अमेरिकी शिफारशीत १९ ते ५० वयाच्या स्त्रियांसाठी रोज १८ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण त्याच वयोगटाची सरासरी गरज ८.१ मिलिग्रॅम धरलेली आहे. पाळीत ज्यांचा रक्तस्राव जास्त होतो त्यांनाही पुरावं म्हणून शिफारस इतकी वर नेली आहे. म्हणजे जिचं लोह रोज १३ मिलिग्रॅम भरतं ती ॲपमध्ये लाल दिसेल, तरीही तिला ते पुरत असण्याची शक्यता बरीच आहे. उलट रक्तस्राव जास्त असेल तर तेच १३ अपुरे पडतील. म्हणून आकडा शिफारशीच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा, सरासरी गरजेच्याही खाली असेल तर हालचाल करा आणि मधे कुठे असेल तर बाकीची लक्षणं, तपासण्या आणि आहार बघून ठरवा.

काही घटकांबाबत एवढा पुरावाच हाताशी नाही. तिथे 'पुरेशी मात्रा' म्हणून अंदाजाने आकडा दिलेला असतो. पोटॅशियम आणि व्हिटॅमिन के त्यातलेच. याशिवाय असतो तो चौथा आकडा, रोज घेतली तरी चालेल अशी कमाल मर्यादा. गोळ्या घेणाऱ्यांनी तो पाठ करावा, त्याबद्दल शेवटी लिहितो.

देशोदेशींच्या शिफारशी एकमेकींशी जुळत नाहीत, त्याने गोंधळून जाऊ नका. प्रौढांसाठी कॅल्शियम ब्रिटनमध्ये ७०० मिलिग्रॅम, युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मते पंचविशीनंतर ९५० आणि अमेरिकेत १,०००. बी-१२चं तर विचारूच नका: ब्रिटनमध्ये १.५ मायक्रोग्रॅम, अमेरिकेत २.४, युरोपीय संघात ४. हाडं आणि रक्त सगळीकडे सारखंच, पुरावा तोलायची पद्धत तेवढी वेगळी. आपल्या देशाची शिफारस घ्या आणि नोंद संपेपर्यंत तिलाच धरून राहा. सोयीची यादी अधूनमधून बदलत राहिलात तर तुलना करायला काही उरणार नाही.

साधनं

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचन वजनकाटा, आणि ॲप किंवा साधी स्प्रेडशीट. बस्स. वाट्या-चमच्यांच्या मापावर सुरुवात करू नका. 'एक वाटी' म्हणजे प्रत्येक घरात वेगळं काहीतरी असतं. मोजायची सवय झाली की चार दिवसांत नजरेलाच अंदाज येतो, तेव्हा काटा आपोआप मागे पडेल.

खरी मेख आहे ती पदार्थांच्या माहितीत. ॲपमध्ये 'दही' शोधलं की पन्नास नोंदी येतात. त्यातल्या कितीतरी वापरकर्त्यांनी स्वतः भरलेल्या किंवा पाकिटावरच्या लेबलवरून उतरवलेल्या असतात. आता लेबलवर काय असतं? अमेरिकेत व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, लोह आणि पोटॅशियम छापणं बंधनकारक आहे, युरोपीय संघात तर मिठापलीकडे एकही खनिज छापण्याची सक्ती नाही. जे छापलेलं नाही ते ॲपकडे नसतं, आणि बरीच ॲप्स नसलेल्या माहितीच्या जागी मुकाट्याने शून्य धरतात. दह्यात बी-१२ असतंच, पण तुम्ही ब्रँडची नोंद निवडलीत तर तुमच्या खात्यात शून्य जमा होतं. लाल पट्ट्यांचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो.

उपाय सोपा आहे. ब्रँडच्या नावाऐवजी साधी, प्रयोगशाळेत तपासलेली नोंद निवडायची. अमेरिकेच्या कृषी विभागाचा 'फूडडेटा सेंट्रल' हा माहितीसाठा २०१९ पासून सगळ्यांना फुकट खुला आहे. त्यातले 'फाउंडेशन' आणि 'एसआर लेगसी' हे दोन विभाग जीवनसत्त्व-खनिजांसाठी भरवशाचे आहेत, 'ब्रँडेड' विभाग लेबलवरचाच. तुमच्या देशाची स्वतःची अन्नघटक सारणी असेल तर तिथे पिकणाऱ्या धान्य-भाज्यांसाठी ती आधी बघा, कारण जमीन आणि वाण बदलले की आकडे बदलतात. क्रोनोमीटरसारख्या ॲपमध्ये प्रत्येक नोंद कुठल्या साठ्यातून आली ते शेजारी दिसतं, तशी सोय असलेलं ॲप निवडा. एरवीची झटपट चाचणी अशी: निवडलेल्या नोंदीत मॅग्नेशियम, जस्त, फोलेट यांचे आकडे भरलेले आहेत का ते बघा. तिन्ही शून्य असतील तर ती नोंद आपल्या कामाची नाही.

स्वतःची शीट करत असाल तर माहिती नसलेल्या चौकटीत शून्य लिहू नका. ती कोरी ठेवा. आठवड्याच्या शेवटी कोऱ्या चौकटी किती ते मोजा; एखाद्या रकान्यात त्या फार झाल्या तर त्या रकान्याची बेरीज सोडून द्या.

पातेल्यातलं अन्न ताटात येईपर्यंत

सफरचंद मोजणं सोपं आहे. घरात शिजवलेल्या, चार जणांत वाटल्या जाणाऱ्या पदार्थाचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि बहुतेकांची नोंद इथेच ढेपाळते. रीत एकदा समजली की दोन मिनिटांचं काम आहे.

समजा मसूर आणि पालक एकत्र शिजवायचा आहे. रिकाम्या पातेल्याचं वजन करून ठेवा: ६५० ग्रॅम. आत काय काय गेलं ते कच्च्या वजनात लिहा: कोरडी मसूर २०० ग्रॅम, पालक १५० ग्रॅम, टोमॅटो १०० ग्रॅम, तेल १५ ग्रॅम. पाणी लिहायची गरज नाही. शिजून झाल्यावर पातेल्यासकट वजन केलं, भरलं १,८५० ग्रॅम. म्हणजे पदार्थ १,२०० ग्रॅम. तुम्ही ३०० ग्रॅम वाढून घेतलंत, म्हणजे बरोबर पाव हिस्सा. मग तुमच्या खात्यात मसूर ५० ग्रॅम, पालक ३७.५, टोमॅटो २५ आणि तेल जेमतेम ४ ग्रॅम. कोरड्या मसुरीत १०० ग्रॅममागे लोह साधारण ६.५ मिलिग्रॅम आणि कच्च्या पालकात २.७ धरलं तर तुमच्या वाढपात मसुरीचं सव्वातीन, पालकाचं एक आणि टोमॅटोचं अगदी चिमूटभर, असं सगळं मिळून ४.३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आलं.

आता हेच ३०० ग्रॅम ॲपमध्ये 'मसूर' शोधून पहिल्याच नोंदीला टाकले, आणि ती नोंद कोरड्या मसुरीची असली, तर लोह दिसेल साडेएकोणीस मिलिग्रॅम. एका जेवणात अख्ख्या दिवसाचा कोटा! नोंद 'कच्चा' आहे की 'शिजवलेला' हे दर वेळी वाचा. तांदूळ, डाळी, ओट्स, पास्ता पाणी पिऊन दुप्पट-तिप्पट होतात, तर मांस आणि भाज्या शिजताना आक्रसतात.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. कच्च्या वजनावरून काढलेला आकडा खनिजांसाठी चालतो, कारण खनिजं उष्णतेने नष्ट होत नाहीत. फार तर पाण्यात उतरतात आणि ते पाणी ओतून दिलं तरच जातात. जीवनसत्त्वांचं तसं नाही. व्हिटॅमिन सी आणि फोलेट दोन्ही नाजूक. कच्च्या पालकात १०० ग्रॅममागे व्हिटॅमिन सी २८ मिलिग्रॅम असतं, तोच पालक उकडून पाणी निथळलं की १०च्या आसपास उरतं. त्यामुळे या दोन घटकांसाठी शिजवलेल्या पदार्थाची नोंद शोधा, नाही सापडली तर कच्च्याच्या निम्मं धरून पुढे चला.

नोंदीतून हमखास निसटणाऱ्या गोष्टी कुठल्या? चहा-कॉफीतलं दूध, पोळी-ब्रेडला लावलेलं काही, भाजी चिरताना तोंडात टाकलेले तुकडे, मुलांच्या ताटात उरलेलं आणि मीठ. मिठाचं असं करा: डबा सोमवारी सकाळी मोजा, पुढच्या सोमवारी परत मोजा, फरकाला घरातल्या माणसांनी आणि सात दिवसांनी भागा. एका ग्रॅम मिठात सोडियम साधारण ३९० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा रोज २,००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ. पाकिटबंद पदार्थांतलं मीठ त्यात वेगळं मिळवायचं, आणि खरा धक्का तिथेच बसतो.

बाहेर जेवलात तर जवळची सर्वसाधारण नोंद घ्या, अंदाजे वजन टाका आणि विषय सोडा. आठवड्यातल्या एका जेवणाच्या अचूकतेसाठी डोकं शिणवू नका. गोळ्या, सिरप आणि जीवनसत्त्वं मिसळलेली पेयं मात्र स्वतंत्र रकान्यात लिहा, अन्नातल्या बेरजेत मिसळू नका. पुढे मर्यादा तपासताना हा वेगळेपणा लागतो.

एककांचे सापळे

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, आणि लेबलवर दोन्ही एकाखाली एक छापलेले असतात. बी-१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, ए, के, आयोडीन, सेलेनियम मायक्रोग्रॅममध्ये. लोह, कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन सी मिलिग्रॅममध्ये.

व्हिटॅमिन डी गोळ्यांवर आययूमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय एककांत लिहितात: ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणून ६०० आययू म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. व्हिटॅमिन एचा हिशेब रेटिनॉलच्या, म्हणजे प्राणिजन्य अन्नात मिळणाऱ्या तयार व्हिटॅमिन एच्या, बरोबरीने करतात. गाजरासारख्या भाज्यांत असतं ते बीटा-कॅरोटिन, शरीर त्यातून व्हिटॅमिन ए बनवतं. अन्नातलं १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिन म्हणजे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, तेव्हा गाजराचे कॅरोटिनचे आकडे थेट मिळवलेत तर बाराशे टक्के दिसेल. गोळीतलं फॉलिक ॲसिड अन्नातल्या फोलेटपेक्षा सहज शोषलं जातं, म्हणून अन्नाबरोबर घेतलेलं १ मायक्रोग्रॅम १.७ धरतात. चांगलं ॲप हे रूपांतर स्वतःच करतं. शीट करणाऱ्यांनी वरच्या ओळीत लिहून ठेवावं.

किती दिवस लिहायचं

सलग सात दिवस, शनिवार-रविवार धरून. अगदीच जमत नसेल तर कामाचे दोन आणि सुट्टीचा एक असे तीन दिवस, पण वेगवेगळ्या आठवड्यांतले. सणासमारंभाचा आठवडा घेऊ नका, आणि नोंद चालू आहे म्हणून शहाण्यासारखं खाऊही नका! वहीला दाखवण्यासाठी खाल्लेल्या कोशिंबिरीचा हिशेबात काहीच उपयोग नसतो.

दिवसाच्या आकड्याकडे बघायचंच नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. १९८७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २९ जणांनी वर्षभर रोज काय खाल्लं ते लिहिलं होतं. एका माणसाचं खरं सरासरी सेवन खात्रीने सांगायला किती दिवस लागतील, हे त्यावरून काढलं. कॅलरींसाठी उत्तर आलं सरासरी ३१ दिवस. व्हिटॅमिन एसाठी ४३३! कारण हे जीवनसत्त्व ठरावीक पदार्थांत ठासून भरलेलं असतं. ज्या दिवशी रताळं, गाजर किंवा यकृत खाल्लं त्या दिवशी तिप्पट, एरवी जवळपास काहीच नाही. आपलं यकृत त्याचा बराच साठा करून ठेवतं, त्यामुळे असे कोरडे दिवस गेले तरी बिघडत नाही. बी-१२चा साठा तर वर्षानुवर्षं पुरू शकतो. सात दिवसांच्या नोंदीतून कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचा बऱ्यापैकी अंदाज मिळतो. व्हिटॅमिन ए आणि बी-१२साठी मात्र बेरजेपेक्षा 'आठवड्यातून किती वेळा खाल्लं' हे मोजणं जास्त शहाणपणाचं.

सरासरी काढण्याआधी एकच पडताळणी करा: कॅलरी. वजन कित्येक महिने स्थिर आहे आणि नोंदीत रोजची सरासरी अकराशे-बाराशे कॅलरी दिसतेय, तर बहुतेक प्रौढांच्या बाबतीत याचा अर्थ एकच, लिहायचं बरंच राहून गेलंय. खाल्लेलं कमी लिहिणं हा माणसाचा स्वभावच आहे, आहारशास्त्रज्ञांना ते पक्कं ठाऊक असतं. अशा वेळी लोह कमी की कॅल्शियम कमी यावर चर्चा करण्याआधी नोंद दुरुस्त करा.

तोंडात गेलेलं आणि अंगी लागलेलं

ॲप मोजतं ते ताटातलं. त्यातलं शरीरात किती गेलं हे ताटातल्या सोबतीवर ठरतं. १०० ग्रॅम शिजवलेल्या पालकात कॅल्शियम सुमारे १३६ मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटर दुधात १२०. कागदावर पालक जिंकला. पण पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यातलं जेमतेम पाच टक्के शोषलं जातं. दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पालकातून सात मिलिग्रॅम, दुधातून पस्तीसएक. पालक सोडा असं म्हणत नाही, त्यात फोलेट आणि व्हिटॅमिन के भरपूर असतं. कॅल्शियमच्या बेरजेत मात्र त्याला धरू नका. ब्रोकोली आणि केल, बॉक चॉय या पालेभाज्यांत ऑक्झलेट कमी असतं, त्यांना खुशाल धरा.

लोहाचं गणित आणखी नाजूक आहे. मांस-माशांतलं हीम लोह १५ ते ३५ टक्के शोषलं जातं, वनस्पतींतलं फार तर २ ते २० टक्के. एवढी मोठी तफावत का, तर डाळी-धान्यांतलं फायटेट आणि चहा-कॉफीतली टॅनिन्स लोहाला अडवतात आणि व्हिटॅमिन सी त्याला सोडवतं. म्हणून मी लोहाच्या रकान्याशेजारी एक छोटा रकाना ठेवायला सांगतो. जेवणात लिंबू, संत्रं, पेरू, ढोबळी मिरची असं काही असेल तर अधिकची खूण. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा-कॉफी असेल तर उण्याची. आठवड्याअखेर खुणा मोजा. लोह बेताचंच आणि खुणा सगळ्या उण्याच्या असतील तर पहिला उपाय आहार वाढवण्याचा नाही, चहा तासभर पुढे ढकलण्याचा आहे. लिंबू पिळायचं तर गॅस बंद केल्यावर. उकळीत टाकलं तर व्हिटॅमिन सी काही प्रमाणात आधीच जातं. कडधान्यं भिजवून मोड आणली किंवा पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं, त्याचा फायदा लोहाबरोबर जस्तालाही मिळतो.

व्हिटॅमिन ए, डी, ई आणि के स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषली जातात. बिनतेलाची कोशिंबीर खाणाऱ्यांनी ताटात चार बदाम किंवा चमचाभर तेल असू द्यावं. एवढं पुरतं.

ज्या रकान्यांवर विसंबू नये

तुमच्या यादीत असलं तरी व्हिटॅमिन डी आहारातून मोजण्यात फारसा अर्थ नाही. त्याचा मोठा वाटा त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून येतो. अन्नात ते तेलकट मासे, अंड्याचा बलक आणि मुद्दाम मिसळलेलं दूध एवढ्यातच असतं. इथे रक्ततपासणीच खरं सांगते. आयोडीनचे आकडे अनेक सारण्यांत मुळातच नसतात, त्यापेक्षा घरातलं मीठ आयोडीनयुक्त आहे का ते बघा. सैंधव आणि समुद्री मिठात ते वरून मिसळलेलं नसेल तर आयोडीन नाममात्रच असतं. सेलेनियम पिकाच्या जमिनीवर अवलंबून. ब्राझील नटच्या मूठभर, म्हणजे सहा-आठ दाण्यांत ते ५४४ मायक्रोग्रॅमपर्यंत भरतं, जिथे रोजची शिफारस ५५ आणि कमाल मर्यादा ४०० आहे. रोज मूठभर खायची ती गोष्ट नव्हे.

मग करायचं काय

सरासरी हातात आली की एकच घटक निवडा, सर्वांत मागे पडलेला, आणि तो अन्नातून भरून काढा. समजा कॅल्शियम रोज ५५० मिलिग्रॅम येतंय आणि लक्ष्य १,०००. कमी पडतात ४५०. मोठा पेला दूध, २५० मिलिलिटर, म्हणजे ३००. शंभर ग्रॅम दही १२०. उरले तीस, ते सोडून द्या, त्याने काही अडत नाही. दूध चालत नसेल तर कॅल्शियम घालून बनवलेला टोफू किंवा कॅल्शियम मिसळलेलं सोया पेय. हे पेय ओतण्याआधी खोका चांगला हलवा. मिसळलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि वरचं पातळ पिणाऱ्याच्या वाट्याला फारसं येत नाही. पोटॅशियम मागे असेल तर केळ्याच्या नावाने जप करू नका. त्यात १०० ग्रॅममागे ३५८ मिलिग्रॅम असतं, शिजवलेल्या पांढऱ्या राजम्यात ५६०. मॅग्नेशियमला बदाम आणि भोपळ्याच्या बिया.

दोन-तीन आठवडे हा बदल अंगवळणी पडू द्या. मग तीन दिवसांची नोंद परत करा आणि तेवढाच रकाना तपासा. पाचही गोष्टी एकदम बदललेली माणसं महिन्याभरात मूळपदावर येतात, हे मी बरंच पाहिलंय.

गोळ्या घेत असाल तर

कमाल मर्यादेचा आकडा इथे कामाला येतो. अन्नातून मर्यादा ओलांडणं अवघड असतं, यकृत आणि ब्राझील नट हे अपवाद. गाईच्या शिजवलेल्या यकृताच्या ८५ ग्रॅममध्ये व्हिटॅमिन ए साडेसहा हजार मायक्रोग्रॅम असतं आणि मर्यादा ३,०००. गर्भवतींनी ते टाळायचं कारण हेच, कारण जास्तीचं रेटिनॉल गर्भाला अपाय करतं. दोन-तीन बाटल्या एकत्र घेतल्या की मात्र मर्यादा सहज ओलांडली जाते, कारण प्रत्येकीत थोडंथोडं तेच असतं. सगळ्यांची बेरीज एका ओळीत मांडा. अमेरिकी मर्यादा जस्तासाठी ४० मिलिग्रॅम, लोहासाठी ४५, व्हिटॅमिन डीसाठी १०० मायक्रोग्रॅम. बी-६ची अमेरिकी मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे, पण युरोपीय संस्थेने २०२३ मध्ये आपली मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली, कारण जास्त मात्रेने नसांना इजा होते. डॉक्टरांनी उपचार म्हणून दिलेला डोस याहून जास्त असू शकतो. तो त्यांचा निर्णय, आपण मनाने वाढवायचा नाही.

सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेऊच नयेत. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, १९९४ मध्ये निकाल आले तेव्हा, या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. गाजर खाण्याला अर्थातच काही हरकत नाही. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं वॉरफरिन हे औषध घेणाऱ्यांनी व्हिटॅमिन के कमी-जास्त न करता रोज सारखं ठेवावं, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियम वाढवायचा सल्ला, या लेखातलाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मनावर घेऊ नये. खाण्याशी ज्यांचं नातं पूर्वी बिघडलेलं आहे, ज्यांना आकडे दिसले की जेवण नकोसं होतं, त्यांनी ही मोजणी करायलाच जाऊ नये. ते काम आहारतज्ज्ञांवर सोपवावं.

तपासणीला जाताना

नोंद शंका दाखवते, निदान करत नाही. लोहासाठी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-१२साठी रक्तातली पातळी, व्हिटॅमिन डीसाठी २५-हायड्रॉक्सी डी. कॅल्शियमची रक्ततपासणी आहाराबद्दल काही सांगत नाही, कारण कमी पडलं की शरीर हाडांतून काढून रक्तातली पातळी सांभाळतं. मॅग्नेशियमही तसंच, त्याचा एक टक्क्याहून कमी भाग रक्तात असतो. या दोन्हींसाठी तुमची आठवड्याची नोंद हाच जास्त उपयोगी पुरावा आहे. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, त्यांनी थायरॉईडसारख्या काही तपासण्यांचे निकाल चुकतात. फॉलिक ॲसिड घेत असाल तर तेही सांगा; त्याने बी-१२च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालूच राहतं.

डॉक्टरांकडे ॲपचे चाळीस स्क्रीनशॉट घेऊन जाऊ नका. एका पानावर पाच घटकांची आठवड्याची सरासरी, शेजारी लोहाच्या खुणा, खाली सगळ्या गोळ्यांची नावं आणि मात्रा. एवढंच न्या.